मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, विक्रमगडमार्गे

मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान आपल्या जव्हारहून पाहायचे असेल, तर कोणत्या दिशेला पाहावे? आणि त्या दोन शहरांमधले हवाई अंतर किती?

दामूभाऊ, हा प्रश्न तुमचा होता आणि उत्तर देण्याचे काम माझे होते. चार वर्षांपूर्वी मी ते दिले. पूर्ण आत्मविश्वासाने दिले, आणि चुकीचे दिले. आज बरोबर उत्तर माझ्या वहीत आहे. तीन वेळा पडताळून पाहिलेले आहे. ते कळले त्या क्षणी मी वही तशीच उघडी टाकून पायांत चपला सरकवल्या होत्या आणि फाटकापर्यंत पोहोचले होते. तिथे आठवले की पेठेतले तुमचे दुकान महिनाभर बंद आहे आणि ते आता तुम्ही उघडणार नाही.

तरीही उत्तर सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. तुम्ही असतात, तर ओठांत सुई धरूनच म्हणाला असतात, "बसा बाई. येवढं काज होऊ द्या." तेव्हा काज होऊ द्या. मी क्रमाने सांगते.

तुम्ही खोडाळ्याहून येऊन जव्हारच्या पेठेत शिवणाचे मशीन मांडलेत. मी इथल्याच शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला. दर जूनमध्ये तुम्ही शाळेच्या ओटीवर येऊन मुलांच्या गणवेशाची मापे घ्यायचात आणि प्रत्येक सदऱ्याच्या आत दोन बोटे कापड जास्त सोडायचात, कारण "पोर वाढतंय, बाई, सदरा नाय वाढत." तुमची मनीषा माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. तिला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका प्रयोगशाळेत काम मिळाले, तेव्हा पेढे घेऊन तुम्ही आधी माझ्याकडे आलात. पेढ्यांच्या पाठोपाठ प्रश्न आला.

"बाई, पोरीचं विमान आपल्याकडनं दिसंल का? कुठल्या अंगानं जाईल?"

"तुम्ही विमानतळावर जात नाही का?"

"तिथं काचेच्या दाराबाहेर उभं रायचं. पोरीची पाठच दिसायची. त्यापेक्षा डोंगरावं उभा रातो. तोंड तरी तिच्याकडं राहील."

मी निवृत्त होताना शाळेने मोडीत काढलेला भिंतीवरचा जगाचा नकाशा घरी आणला होता. तो तुमच्या कापड बेतायच्या टेबलावर पसरला. गुंडाळीची सवय असलेली एक कड सारखी उठत होती, म्हणून तुम्ही तिच्यावर इस्त्री ठेवलीत आणि दुसऱ्या कडेवर कात्री. मी मुंबईवर फूटपट्टीचे एक टोक ठेवले. सॅन फ्रान्सिस्को नकाशाच्या अगदी डाव्या बाजूला होते. पेन्सिलीची रेघ अरबस्तानावरून, आफ्रिकेवरून, अटलांटिक महासागरावरून सरळ पश्चिमेला गेली. प्रमाणपट्टी लावून मी अंतर काढले: एकवीस हजार आठशे किलोमीटर.

"येवढं? मंग पोचणार कवा?"

"विमान आहे ते, दामूभाऊ. एसटी नव्हे."

तुम्ही हसलात, पण तुमचे बोट नकाशाच्या वरच्या कडेवर थांबले होते. "ही वरची अख्खी कड काय आहे, बाई?"

"उत्तर ध्रुव."

"ध्रुव म्हंजे टोक ना? टोक येवढं लांब कसं?"

"नकाशात तसे दाखवतात," मी म्हणाले. एकतीस वर्षांत ज्या ज्या मुलाने हा प्रश्न विचारला, त्या प्रत्येकाला मी हेच उत्तर दिले होते. त्यानंतर कोणी पुढे विचारायचे नाही. तुम्हीही त्या दिवशी विचारले नाहीत. गावाबाहेरच्या शिरपामाळावर जायचे, पश्चिमेला तोंड करायचे आणि दूर समुद्राकडच्या क्षितिजावर नजर ठेवायची, असे ठरले.

मनीषा निघणार होती त्या दुपारी तुम्ही पांढराशुभ्र सदरा घालून आलात. परीटघडीचा, लग्नाकार्यात घालायचा. मी विचारले, "आज हा कशाला?" तुम्ही म्हणालात, "वरून दिसाया पायजे ना." मला हसू आले आणि लगेच वाईटही वाटले, कारण तुम्ही अजिबात विनोद करत नव्हतात.

मनीषाचा संदेश आला, "बसले. निघतोय." आपण माळाच्या कडेला उभे राहिलो. पाव तास गेला असेल, नसेल. डाव्या बाजूला दूर विक्रमगड गाव. त्या विक्रमगडाच्या अंगाने एक विमान वर चढत आले. ऊन लागून त्याचा एक पंख लखकन चमकला. तुमचा हात तत्काळ वर गेला.

"बाई, ती बघा! पोरगी!"

आणि मी म्हणाले, "ते दिल्लीचे असेल. उत्तरेला चालले आहे ना? हात खाली करा. आपले विमान समोर समुद्राकडे दिसेल."

तुम्ही हात खाली केलात. विमान आपल्या समोरून डावीकडून उजवीकडे गेले आणि दिसेनासे झाले. त्यानंतर ऊन उतरेपर्यंत आपण क्षितिजाकडे पाहत राहिलो. समुद्राकडे काहीच दिसले नाही. "ढगांत गेले असेल," मी म्हणाले. आभाळात ढग नव्हता. "आसंल," तुम्ही म्हणालात. तुम्ही मला त्या दिवशी खोटे पाडले नाहीत, ही गोष्ट मला आता फार लागते.

दुसऱ्या दिवसापासून मात्र तुम्ही व्याजासकट वसूल केलेत! दुकानात कोणी सदरा मापायला उभा राहिला की माझ्याकडे बघून म्हणायचात, "नीट उभा रा. बाईंना विचार, पश्चिम कुठं हाय. त्यांनी मला समुद्र दाखवलाय शिरपामाळावरनं." गिऱ्हाइकाला काही कळायचे नाही. मला सगळे कळायचे. तरी मी रोज संध्याकाळी भाजी घेऊन जाताना तुमच्या बाकावर टेकायचेच.

मनीषाने पोहोचल्यावर फोनवर सांगितले की वाटेत खाली कितीतरी वेळ बर्फच बर्फ दिसत होता. तुम्ही तो मुद्दा वकिलासारखा माझ्यासमोर मांडलात. "आफ्रिकेवं बर्फ आसतंय का, बाई?" मी म्हणाले, युरोपातले डोंगर असतील, विमान थोडे वरच्या अंगाने गेले असेल. तुम्ही मान हलवलीत. तुमचा तो होकार नव्हता. सदऱ्याचा गळा नीट बसला नाही हे गिऱ्हाइकाच्या आधी ओळखणाऱ्या माणसाची ती मान होती.

मग तो टोपीचा दिवस. कोणाच्या तरी बारशासाठी तुम्ही बाळाची गोल टोपी शिवली होती, सहा कळ्यांची, म्हणजे कापडाचे सहा तुकडे जोडलेली. मी टेकताच तुम्ही ती तयार टोपी ब्लेडने उसवलीत आणि टेबलावर सपाट पसरलीत. खाली बंदाच्या पट्टीला सहाही कळ्या एकमेकींना चिकटून होत्या. वर जाताना त्या निमुळत्या होत गेल्या होत्या, आणि दोन कळ्यांच्या मधे मोठमोठ्या फटी पडल्या होत्या.

"ही पृथ्वी," तुम्ही म्हणालात. "सपाट केली की अशी हुते. आता ह्या फटी तुमच्या नकाशात कुठं हायत? नायत. मंग काय केलंय त्यांनी? वरचं कापड ताणलंय. टोकाची केलीय कड. आणि ताणलेल्या कापडावं माप घेतलं तुम्ही. पोटाचं माप पोटावं घ्यायचं, बाई. कागदावं नाय."

दामूभाऊ, आज लिहून देते: मला त्याच क्षणी समजले होते. एकतीस वर्षे जे मी "नकाशात तसे दाखवतात" म्हणून झाकून टाकले, ते तुम्ही एका उसवलेल्या टोपीत दाखवलेत. इतका सुंदर पाठ मी माझ्या वर्गात कधीही घेतलेला नाही. आणि मी काय म्हणाले? "भूगोल म्हणजे शिवणकाम नव्हे."

"नाय," तुम्ही म्हणालात आणि टोपीच्या कळ्या पुन्हा जोडायला घेतल्यात. "भूगोल तुमचा. टोपी माझी."

थोड्या वेळाने, दोरा ओवताना, तुम्ही अगदी सहज सुचवलेत, "शाळेतला पृथ्वीचा गोळा आणा एकदा. टेप माझी. दोघं मिळून मोजू." मी हो म्हणाले. पण शाळेचा पृथ्वीगोल मुलांनी फोडू नये म्हणून कपाटात कुलूपबंद असतो. ही व्यवस्था माझ्याच काळात मीच लावली होती. आधी किल्ली कोणाकडे आहे ते कळेना, मग परीक्षा आल्या, मग पावसाळा आला. ही सगळी कारणे खरी आहेत. त्यांच्यामागचे कारण एकच होते: गोलावर टेप ठेवली की उत्तर काय येणार, याची मला कल्पना होती. चुकीचे उत्तर दिल्याबद्दल मला इतके वाटत नव्हते. तुमचा वर गेलेला हात मी खाली करायला लावला होता, ते मला पाहायचे नव्हते. आपल्याला वेळ आहे, असे मी धरून चालले होते.

तुम्ही गेलात तेव्हा मनीषा निघाली ती लगेचच निघाली, तरी तिसऱ्या दिवशी पोहोचली. सगळे आटोपले होते. तुमच्या घराच्या ओटीवर बसून तिने आधी पाणी मागितले आणि मग विचारले, "बाबांच्या अंगात सदरा कुठला होता?" मी सांगितले, पांढरा. अंतर या शब्दाची व्याख्या मी किती वर्गांना सांगितली असेल. त्याचा अर्थ त्या ओटीवर कळला.

दिवसकार्य झाल्यावर मनीषाने दुकान आवरले. मशीन तुमच्या पुतण्याकडे गेले. तुमची साठ इंची टेप तिने माझ्या हातात ठेवली. मी तिला शिरपामाळाची सगळी हकीकत सांगितली, हात खाली करायला लावला तोही भाग. ती म्हणाली, "बाई, सीटसमोरच्या पडद्यावर नकाशा असतो. त्यात विमान मुंबईहून वरच जात होतं, उत्तरेला. मी बाबांना फोनवर तेही सांगितलं होतं. ते म्हणाले, बाईंना सांगू नको, त्यांचं त्या शोधतील."

दामूभाऊ, तुम्हाला माहीत होते! चार वर्षे तुम्हाला उत्तर माहीत होते आणि तुम्ही मला टोपी उसवून, बर्फ दाखवून, टोमणे मारून त्या उत्तराकडे ढकलत होतात. हे तर माझे तंत्र! उत्तर सांगायचे नाही, मुलाला स्वतः पोहोचू द्यायचे. ते तुम्ही कुठून शिकलात?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. त्यांनी किल्ली शोधायला पाच मिनिटेही घेतली नाहीत. पृथ्वीगोल धूळ पुसून टेबलावर ठेवला. आधी विषुववृत्तावर टेप गुंडाळली आणि वाचले: सत्तेचाळीस इंच. हा पृथ्वीचा पूर्ण घेर, म्हणजे ढोबळमानाने चाळीस हजार किलोमीटर. मग टेप मुंबईवर धरली आणि सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणली. ती पश्चिमेला जायला तयारच होईना! पश्चिमेकडून नेली की लांब पडायची, सैल सोडली की उत्तरेकडे घसरायची. शेवटी जिथे ती सर्वांत घट्ट बसली तो मार्ग पाहिला: राजस्थान, हिमालय, सैबेरिया, ध्रुवाजवळचा गोठलेला समुद्र, अलास्का, आणि तिथून खाली उतरत सॅन फ्रान्सिस्को. मनीषाचा बर्फ! तिने पाहिला तो हिमालयाचा होता की सैबेरियाचा, हे तिलाही सांगता येत नाही. पण या रेषेवर बर्फाला तोटा नाही.

माप वाचले: साडेबावीस इंच. त्रैराशिक मांडले. साडेबावीस गुणिले चाळीस हजार भागिले सत्तेचाळीस, म्हणजे एकोणीस हजार एकशे एकोणपन्नास. आणि खरे सांगते, मला क्षणभर बरे वाटले. एकवीस हजार आठशे आणि एकोणीस हजार! म्हणजे माझा भिंतीवरचा नकाशा अगदीच टाकाऊ नव्हता.

मग टेप गुंडाळताना तिचे पहिले टोक बोटांत आले. पत्र्याची पट्टी कधीच निघून गेलेली, पहिल्या इंचाचे आकडे पुसलेले, कड उसवून लोंबणारी. आणि कानात तुमचा आवाज आला. ओटीवर मुलांची मापे घेताना तुम्ही कधीही टोकापासून माप धरायचा नाहीत. दहाच्या आकड्यावर अंगठा ठेवायचात, आणि आकडे लिहून घेणाऱ्या मुलीला दरवेळी बजावायचात, "दहा वजा कर गं. नायतर पोराचा सदरा आजोबाला व्हायचा."

मीही नकळत अंगठा दहावरच ठेवला होता! इतकी वर्षे तुम्हाला पाहून माझ्या हाताला ती सवय लागली होती. वजाबाकी तेवढी राहिली होती. सत्तेचाळीसातून दहा गेले, सदतीस. साडेबावीसातून दहा गेले, साडेबारा. साडेबारा गुणिले चाळीस हजार भागिले सदतीस.

तेरा हजार पाचशे किलोमीटर!

मुख्याध्यापकांच्या खोलीत मी मोठ्याने ओरडले, "साडेतेरा हजार!" शिपाई धावत आला. मी त्याला टेपचे टोक धरायला लावून सगळे पुन्हा मोजले. पुन्हा तेच आले. तिसऱ्यांदा मोजताना मला नीट दिसत नव्हते, म्हणून आकडा त्याने वाचला.

पण दिशा राहिली होती, आणि खरा प्रश्न तर दिशेचा होता. पृथ्वीगोलावर मुंबई आणि जव्हार एकाच टिंबाखाली झाकली जातात. म्हणून मी मुंबईच्या टिंबावर कोनमापक ठेवून टेपचा उत्तरेशी होणारा कोन घेतला: सुमारे चौदा अंश, पूर्वेकडे कललेला. तोच कोन जिल्ह्याच्या नकाशावर विमानतळापासून काढला. इतक्या छोट्या नकाशात कापड ताणले जात नाही, ही खात्री आता मी देऊ शकते. ती रेघ जव्हारच्या पश्चिमेला तेरा-चौदा किलोमीटरवरून जाते. तिच्या वाटेवर गाव येते ते विक्रमगड. मुंबईहून दिल्लीला जाणारी सरळ रेघही काढली. ती विक्रमगडावरून जातच नाही, थेट जव्हारच्या डोक्यावरून जाते.

"विक्रमगडाच्या अंगाने." तुम्ही हात वर केला होतात तो त्याच बाजूला.

इथे मला शिक्षिका म्हणून सावध राहिले पाहिजे. विमान उडते ते वाऱ्याकडे तोंड करून, मग वळते. वाटेतले वारे, देशांच्या हद्दी, नियंत्रकांच्या सूचना यांमुळे ते सर्वांत जवळच्या रेषेवरून तंतोतंत कधीच जात नाही. माझ्या कोनात चार अंशांची चूक असेल, तर इथपर्यंत येताना सात किलोमीटरचा फरक पडतो. तेव्हा त्या दुपारी चमकलेले विमान मनीषाचेच होते, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण ते तिचे नव्हते, असे ठामपणे म्हणण्याचा मला काहीही अधिकार नव्हता. तुमची दिशा बरोबर होती, वेळ बरोबर होती. हात खाली करायला सांगणे, एवढीच त्या माळावरची सिद्ध झालेली चूक आहे, आणि ती माझी आहे.

मागच्या आठवड्यात मनीषा परत गेली. विमान दुपारचेच होते. आम्ही काहीच ठरवले नव्हते, पण तिने निरोप घेताना विचारले, "बाई, पांढरं काही आहे का तुमच्याकडे?" मी कपाटातली पांढरी साडी नेसून शिरपामाळावर गेले. फिरायला आलेल्या एका कुटुंबाने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले. "बसले. निघतोय," असा संदेश आला. मी समुद्राकडे पाहिले नाही. विक्रमगडाकडे पाहिले. अठरा मिनिटांनी डावीकडून एक विमान चढत आले, आणि मी हात वर केला. आधी एक, मग दोन्ही. ते उजवीकडे नाहीसे होईपर्यंत मी हात खाली केले नाहीत. त्या कुटुंबातल्या आजीबाईंनी विचारले, "कोण चाललंय?" मी म्हणाले, "दामूभाऊंची मुलगी." त्यांनीही हात वर केला.

तुमचा प्रश्न सुटला, दामूभाऊ. भूगोलही तुमचाच होता.

वाचकांना एक विनंती आहे. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मी एकदा चुकलेली आहे. जवळच्या शाळेत जा, कपाटातला पृथ्वीगोल बाहेर काढायला लावा, आणि आपले माणूस ज्या शहरात आहे तिथपर्यंत स्वतः टेप ताणून पाहा. टेप जुनी असेल तर दहावरून धरा, आणि शेवटी दहा वजा करा.